नववीत आहे, बोलताना अडखळतो. वर्गात सगळ्यांसारखं कसं व्हायचं?

तू लिहिलंयस की यंदा पुण्यात नवीन शाळेत आलास, बोलताना अडखळतोस, मधल्या सुट्टीत एकटाच डबा खातोस आणि इतरांसारखं दिसावं म्हणून हल्ली बोलणंच सोडून दिलंयस. त्या शेवटच्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो. मीही अडखळतो. चाळिशी ओलांडली तरी अडखळतो.

१९९८ साली मी नववीत होतो. शाळा पेठेत, घर पद्मावतीला. स्वारगेटहून पीएमटी पकडायची. माझा ‘प’ अडायचा. कंडक्टर समोर उभा, बस गच्च भरलेली आणि माझे ओठ मिटलेले ते मिटलेलेच. मग मी ‘धनकवडी’ म्हणायला लागलो. ‘ध’ सुटायचा. तिकीट पुढच्या स्टॉपचं काढायचो आणि उतरायचो पद्मावतीलाच. आई विचारायची, सुटे पैसे जातात कुठे?

वर्गातही तेच. उत्तर येत असायचं, तरी ‘माहीत नाही’ म्हणून खाली बसायचो, कारण ते दोन शब्द न अडता निघायचे. त्यामुळे बाहेरून मी चारचौघांसारखाच दिसायचो, जरा अबोल इतकंच. आत मात्र दिवसभर एकच उद्योग चालायचा: पुढचं वाक्य मनात तपासायचं, त्यातला अडणारा शब्द काढायचा, दुसरा बसवायचा. तोवर गप्पा पुढे निघून गेलेल्या असायच्या. दोन वर्षं एका बाकावर बसलेल्या मुलालाही मी कसा आहे हे कळलं नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

आजीनं मधात वेखंड उगाळून चाटवलं, शेजारच्या काकांनी तोंडात गोट्या ठेवून वाचायला लावलं. एका शिक्षकांचं बोलणं मात्र अजून आठवतं. रोज सकाळी प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा व्हायची. ‘भारत माझा देश आहे’पासून शेवटपर्यंत मी सगळ्यांबरोबर एकदाही न अडता म्हणायचो. पाच मिनिटांनी हजेरीत स्वतःचं नाव निघायचं नाही. ते म्हणाले, ‘प्रतिज्ञा बरी नीट येते तुला? नाटकं करू नकोस.’ मलाही वाटलं, खरंच मी नाटक करतो की काय?

पुढे मोठेपणी वाचा-उपचारतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा कळलं की हे असंच असतं. इतरांच्या सुरात सूर मिळवून बोलताना, गाताना बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं आणि स्वतःचं नाव सांगताना पुष्कळांना सगळ्यात जास्त त्रास होतो. नाव बदलून दुसरा शब्द घालता येत नाही ना. हे बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं, अनेक घराण्यांत चालत येतं, आणि बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही. मोठ्या माणसांत शंभरातला साधारण एक जण अडखळतो. म्हणजे तुझ्या शाळेतही तुझ्यासारखं आणखी कुणी असण्याची बरीच शक्यता आहे. तोही बहुधा गप्प बसून असेल.

माझ्या बाबतीत फरक पडला तो शाळेच्या ढोलपथकात. तिथे बोलावं लागणार नाही, एवढ्याचसाठी मी गेलो होतो. नदीपात्रात सराव असायचा. कमरेला ढोल, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. शिट्टी वाजली की ठेका बदलायचा. त्या आवाजात कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, तिथे सगळे सारखेच. पण पावसाळी हवेनं ढोल उतरतात आणि मग दोघांनी मिळून दोऱ्या ओढत बसावं लागतं. असेच बसलो असताना दुसऱ्या तुकडीतल्या एका ताशेवाल्यानं सरळ विचारलं, ‘तुझं कुठलं अक्षर अडतं रे?’

कुणीही मला असं विचारलं नव्हतं. हसणारे हसायचे, चांगली मुलं नजर वळवायची. ‘प’ सांगायला मला बराच वेळ लागला. तो दोरी ओढत थांबून राहिला, मध्ये शब्द पुरवला नाही. मग मी बसच्या तिकिटाचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो स्वारगेटपर्यंत बरोबर आला आणि म्हणाला, ‘आज पद्मावतीचंच काढ. किती का वेळ लागेना.’ लागला. कंडक्टर वैतागला. पण तिकीट पद्मावतीचं मिळालं.

त्यानंतर मी मराठीच्या बाईंना वर्गाबाहेर गाठून सांगितलं की धडा वाचताना मला शेजारच्याबरोबर वाचू द्या. त्यांनी दिलं. दोन आवाजांत वाचताना मी अडलो नाही, आणि हळूहळू शेजारचा आवाज कमी करत गेला. दोन मुलं दहावीपर्यंत माझी नक्कल करत राहिली, हेही सांगतो. वाईट वाटायचंच. पण डबा खायला आता तिघे-चौघे असायचे.

म्हणून तुला सांगावंसं वाटतं: सगळ्या वर्गाला जिंकायला जाऊ नकोस. एकाला सांग, आणि तोही हातानं काहीतरी करता करता. चित्रकलेचा तास, प्रयोगशाळा, कबड्डी, काहीही चालेल. समोरासमोर बसून सांगणं फार अवघड जातं. पुढच्या वर्षी दहावीला भाषेच्या तोंडी परीक्षेला गुण असतात, तेव्हा बाईंशी आत्ताच बोलून ठेव. आईबाबांना घेऊन एखाद्या वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जा. मी उशिरा गेलो याची हळहळ वाटते. ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ ही अडखळणाऱ्या माणसांनीच उभी केलेली संस्था आहे, त्यांच्याशीही बोलता येईल.

आणि इथेच खाली लिही, तुझं कुठलं अक्षर अडतं?