युनियन नसत्या तर भारतीय विमान कंपन्या अधिक वाढल्या असत्या का?

आपण विचारले आहे की, शेकड्याने विमाने मागवणाऱ्या कंपन्यांचे आपल्याच वैमानिकांशी आणि केबिन क्रूशी वारंवार का बिनसते, आणि युनियनचा अडथळा नसता तर या कंपन्या आणखी मोठ्या झाल्या असत्या का. मी सांगलीत कामगार कायद्याचा सल्लागार म्हणून काम करतो. कुपवाड आणि मिरज येथील औद्योगिक वसाहतींतील मागणीपत्रे व वेतन करार हा माझा रोजचा विषय आहे. विमान कंपनीच्या वाटाघाटींना मी बसलेलो नाही, परंतु या धंद्यातील तंटे मी व्यवसायाच्या आवडीने बारकाईने वाचत आलो आहे. माझे मत असे आहे की वाढीमुळे संबंध बिघडत नाहीत. स्वतःच्या बळावर वाढणाऱ्या कंपनीत ते बहुधा सुधारतात. बिघाड होतो तो दुसरी कंपनी पोटात घेऊन वाढताना, किंवा माणसांची तजवीज न करता विमाने वाढवताना.

पहिली गोष्ट सेवाज्येष्ठतेची. आमच्या कारखान्यांत ती यादी मुख्यतः कपातीच्या वेळी बाहेर निघते. वैमानिकाचा मात्र सारा संसार तिच्यावर अवलंबून असतो. उजव्या खुर्चीतून कमांडरच्या डाव्या खुर्चीत केव्हा जायचे, लहान विमानावरून मोठ्या विमानावर नंबर केव्हा लागायचा, घराजवळचा तळ मिळणार की नाही, हे जगातल्या जुन्या कंपन्यांत त्या यादीतील क्रमांकावरून ठरते, आणि कंपनी बदलली की तो क्रमांक मागेच राहतो. भारतातील खासगी कंपन्या बाहेरून थेट कमांडर घेतात, त्यामुळे येथे हा नियम थोडा सैल आहे. तरी बढतीची रांग येथेही आहेच. कंपनीने नवे विमान आणले की कमांडरच्या पाच-सहा जागा निर्माण होतात आणि रांगेतला प्रत्येक जण पुढे सरकतो. इंडिगोने पहिले उड्डाण करण्याच्या आधीच, 2005 मध्ये, 100 एअरबस विमानांची मागणी नोंदवली होती. पुढची बरीच वर्षे तेथून वैमानिकांच्या संपाची बातमी आली नाही, याचे मोठे श्रेय मी रांगेच्या या वेगाला देतो. बढती डोळ्यांसमोर दिसत असेल तर माणूस पुष्कळ गैरसोय सोसतो.

विलीनीकरणात नेमके उलटे होते. जागा तेवढ्याच राहतात आणि दोन रांगा एकत्र करायच्या असतात. एकाला वर घेतले की दुसरा खाली जातो. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एक झाल्या, पण पगार, भत्ते आणि बढतीचे नियम दोनच राहिले. 2011 मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी सुमारे 10 दिवस संप केला. पुढच्याच वर्षी मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांनी 58 दिवस काम बंद ठेवले, कारण नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्यांनाही द्यायचे ठरले होते. म्हणजे एका गटाचा संप बरोबरी मिळावी म्हणून आणि दुसऱ्याचा ती मिळू नये म्हणून. मालक, म्हणजे सरकार, दोन्ही वेळा समोर होता, परंतु खरे भांडण भावकीतल्या वाटणीचे होते. हे मिटवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली, तीही विलीनीकरणानंतर सुमारे चार वर्षांनी, 2011 मध्ये.

अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट 2005 मध्ये एकत्र आल्या. 2007 मध्ये लवादाने दोन्ही याद्या जुळवून दिल्या, तेव्हा यूएस एअरवेजचे कपातीत घरी बसवलेले जुने वैमानिक दुसऱ्या कंपनीत नव्याने लागलेल्यांच्या खाली गेले. संख्येने अधिक असलेल्या त्या गटाने चिडून जुनी युनियनच बदलून टाकली, आणि कंपनीला अनेक वर्षे एकाच नावाखाली वैमानिकांचे दोन वेगळे गट उडवावे लागले. पैसे मोजून कंपनी घेणाऱ्या संचालक मंडळांनी ही यादी आधी वाचावी, असे मला नेहमी वाटते. ती बहुधा सर्वांत शेवटी वाचली जाते.

टाटा समूहाने जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया ताब्यात घेतली आणि चार कंपन्यांच्या दोन करायला घेतल्या, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यांपैकी विस्तारा या कंपनीच्या वैमानिकांना 2024 च्या सुरुवातीस नवी वेतनरचना देण्यात आली. तिच्यात हमीच्या पगाराचे तास, म्हणजे उड्डाण कमी झाले तरी महिन्याला ज्यांचे पैसे मिळतात ते तास, 70 वरून 40 वर आणले होते. विमानातल्या माणसाचा पगार दोन भागांत असतो: एक ठरलेला आणि दुसरा प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांवर. तासगावकडच्या माझ्या एका परिचितांची मुलगी केबिन क्रू आहे. तिने मला तिच्या पगाराचा कागद दाखवला, तेव्हा विमानतळावर उशिरा आलेल्या विमानाची वाट पाहत काढलेल्या वेळेचा त्यात कोठेही मोबदला दिसला नाही, कारण मोजणी विमान जागेवरून हलल्यापासून सुरू होते. हमीचे तास कमी करणे म्हणजे काय, हे तो कागद पाहिल्यावर समजते. तासांचा दर वाढवला तरी तास मिळतील याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर जाते आणि आजारपणाचा महिना थेट घरखर्चाला लागतो. विस्ताराचे अनेक वैमानिक एकाच वेळी आजारी पडले, आणि कंपनीला सुमारे दहा टक्के उड्डाणे कमी करावी लागली. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने तेच केले. 25 जणांना काढण्यात आले, आणि मुख्य कामगार आयुक्तांसमोर बोलणी होताच दुसऱ्या दिवशी ते परत कामावर आले. समेटाच्या टेबलावर एका दिवसात सुटणारा प्रश्न तेथवर येईपर्यंत महिनोन्‌महिने कोणी ऐकून घेतलेला नसतो, हा अनुभव मात्र कुपवाडमध्येही येतो.

आता दुसरे कारण, माणसांच्या तजविजीचे. याचे गणित कोणालाही करता येते. एक विमान दिवसाला 12 तास उडाले तर वर्षाला 4,380 तास होतात. कॉकपिटमध्ये दोघे लागतात, म्हणजे 8,760 तास. एका वैमानिकाला वर्षात 1,000 तासांपेक्षा अधिक उडता येत नाही. म्हणजे रजा, आजारपण, सिम्युलेटरवरील चाचण्या आणि विश्रांती काहीही न धरता नऊ माणसे लागलीच. प्रत्यक्षात हा आकडा बाराच्या पुढे जातो. विमानाची मागणी एका सहीने नोंदवता येते. कमांडर तयार व्हायला वर्षे लागतात, आणि भारतात त्यासाठीच्या परवान्याला 1,500 तासांच्या उड्डाणाची अट आहे. ताळेबंदात जास्तीचा वैमानिक हा निव्वळ खर्च दिसतो, आणि चांगल्या दिवसांत तो कमी करणाऱ्या व्यवस्थापकाची पाठ थोपटली जाते.

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोचे जे झाले, ते याच गणितातून. वैमानिकांच्या थकव्याविषयीचे नवे नियम जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाले होते, वैमानिक संघटना त्यांच्या अंमलबजावणीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू होणार हे सर्वांना ठाऊक होते. या नियमांनी साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. देशातील निम्म्याहून अधिक प्रवासी नेणाऱ्या कंपनीकडे त्यासाठी पुरेसे वैमानिक नव्हते, आणि 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. सरकारने नियमांत तात्पुरती सूट दिली आणि कंपनीला वेळापत्रक दहा टक्क्यांनी कमी करायला लावले. या साऱ्या प्रकरणात संप नव्हता, हे आपल्या प्रश्नाच्या संदर्भात मुद्दाम सांगतो.

आपल्या भागात साखर कारखान्याचे कामगार संपाची नोटीस गळीत हंगामातच का देतात, हे वेगळे सांगायला नको; तोडलेला ऊस थांबत नाही, उतारा घटतो. विमान कंपनीचा हंगाम बारा महिने असतो आणि रिकाम्या गेलेल्या खुर्चीचा साठाही करता येत नाही. म्हणून थोड्या माणसांच्या हातात तेथे मोठी ताकद असते, आणि म्हणूनच व्यवस्थापन तिला घाबरून कधी कधी आततायीपणा करते. जेट एअरवेजने ऑक्टोबर 2008 मध्ये शेकडो कर्मचारी काढले, मुंबईत राज ठाकरे यांच्यापर्यंत प्रकरण गेले, आणि लगेच सर्वांना परत घेतले. पुढच्या वर्षी युनियन स्थापन करणाऱ्या दोन वैमानिकांना काढले, तेव्हा शेकडो वैमानिक आजारपणाच्या रजेवर गेले आणि पाच दिवस कंपनी जवळजवळ ठप्प झाली. तरीही जेट एप्रिल 2019 मध्ये बंद पडली ती कर्जामुळे आणि तोट्यामुळे. किंगफिशरमध्ये तर पगारच थकले होते. दोन्हींपैकी एकही कंपनी युनियनने बुडवली असे मला म्हणता येत नाही. त्याविरुद्ध अमेरिकेतील साउथवेस्ट ही ऐंशी टक्क्यांहून अधिक संघटित कर्मचारी असलेली कंपनी 1973 पासून 2019 पर्यंत सलग 47 वर्षे नफ्यात राहिली. ईस्टर्न एअरलाइन्समध्ये मात्र 1989 चा संप कंपनीच्या मुळावर आला, हेही खरे आहे. तेथे मालक फ्रँक लोरेन्झो आणि कर्मचारी दोघेही मागे हटायला तयार नव्हते, आणि जानेवारी 1991 मध्ये कंपनी संपली.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो आता संप मानला जाईल. संपाआधी नोटीस देण्याची अट हवाई वाहतुकीला पूर्वीही होती, सामूहिक रजेची तरतूद नवी आहे. त्यामुळे सर्वांनी एकदम आजारी पडण्याचा मार्ग अवघड होईल, पण नाराजी कमी होणार नाही. ती राजीनाम्यांकडे वळेल असा माझा अंदाज आहे. नियमाप्रमाणे नोकरी सोडताना कमांडरने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. 2023 मध्ये आकासा या विमान कंपनीचे 43 वैमानिक ती न देता निघून गेले. कंपनी न्यायालयात गेली, तोवर उड्डाणे रद्द होऊ लागलीच होती.