वाचकांचे प्रश्न : ओम्नीचा क्लच, घरची चॅसी

प्रश्न : ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल वापरून घरीच दोन सीटची गाडी बांधतोय. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवं. गिअरबॉक्स शेवटचा पाऊण इंच आत जाईना, म्हणून बोल्ट आवळून ओढून घेतला. आता पेडल पूर्ण दाबलं तरी रिव्हर्स टाकताना करकर होते. केबल ताणून फरक पडला नाही. (जुळे सोलापूर)

उत्तर : बोल्टने ओढलात तिथेच बहुधा घात झाला. तरी गिअरबॉक्स उतरवण्याआधी पाच मिनिटांचं एक काम करा. एकाला पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याकडे बघा. घरच्या गाडीत तो पत्रा पातळ असतो. केबलचं टोक जिथे अडकवलंय तिथे तो फुगत असेल, तर पेडलची निम्मी चाल पत्रा वाकवण्यातच जाते. तिथे ३ मिमीची पट्टी वेल्ड करा.

पत्रा हलत नसेल तर मागची चाकं उचला, गाडी घोडीवर ठेवा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, पेडल दाबलेलं, अशा स्थितीत दोन्ही चाकं एकाच दिशेने हाताने फिरवून पाहा. इंजिन अडवत असेल तर क्लच प्लेट सुटत नाही, मग गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

उतरवल्यावर क्लच प्लेटचा हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग) नीट बघा. अर्धवट आत गेलेल्या गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवरून त्या हबवर लटकतं आणि प्लेट वाकते. डोळ्यांना ते दिसेलच असं नाही. शाफ्टवर प्लेट फिरवून कडेला डायल गेज लावा. काटा पाऊण मिलिमीटरहून जास्त हलला तर प्लेट बदला. स्प्रिंगांचा उंचवटा साधारणपणे गिअरबॉक्सकडे असतो, पण प्लेटवर 'फ्लायव्हील साइड' छापलेलं असेल तर तेच प्रमाण.

बसवताना जुना इनपुट शाफ्ट किंवा अलाइनमेंटची दांडी घालून प्लेट मध्यावर आणा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत २० ते २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. स्प्लाइनवर (शाफ्टच्या उभ्या खाचांवर) ग्रीसचा नुसता हात फिरवा. जास्त झालं तर उडून लायनिंगवर जातं आणि गाडी उचलताना धडधडते. गिअरबॉक्स जॅकवर इंजिनच्या रेषेत धरा, टॉप गिअर टाकून मागचा योक (शाफ्टच्या टोकाचा दोन कानांचा तुकडा) हलके फिरवत आत सरकवा. डॉवेल पिनवर (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्यांवर) तो हातानेच टेकला पाहिजे. नाही टेकला तर मागे घ्या, प्लेट मध्यावर नाही.

जाता जाता : इंजिन ते चॅसी अर्थ केबल लावली ना? इंजिन रबर माउंटिंगवर बसतं, त्यामुळे ती नसली तर सेल्फचा करंट क्लच केबलमधून परततो, आतली नळी वितळते आणि पेडल जड होतं.

प्रश्न : प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा दांडा) कापून आखूड करून घेतला. दोनदा बॅलन्सिंग करूनही वेग वाढला की गाडी थरथरते. (होटगी रोड)

उत्तर : मग दोष बॅलन्सचा नसावा. शाफ्ट सपाट फरशीवर ठेवा. दोन्ही टोकांच्या योकचे कान एकाच पातळीत हवेत. वेल्डिंगच्या वेळी एक टोक जरा फिरलं तरी एका क्रॉसची (योकच्या कानांमधल्या सांध्याची) वेगातली चढउतार दुसरा क्रॉस भरून काढत नाही, आणि शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन झटके बसतात.

कान बरोबर असतील तर कोन मोजा. मोबाइलचा अँगल मीटर चालेल, पण ड्रायव्हर सीटवर बसलेला हवा. गिअरबॉक्स मागे ३ अंश खाली असेल तर पिनियन (अ‍ॅक्सलमध्ये शिरणारा दात्यांचा दांडा) पुढे ३ अंश वर हवा, फरक १ अंशाच्या आत. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकीखाली लोखंडी पाचर घालून तो जुळवता येतो. शाफ्ट अगदी सरळ रेषेत आणायच्या फंदात पडू नका, क्रॉसमधल्या सुया एकाच जागी ठोकल्या जातात. मागचा अ‍ॅक्सल पूर्ण वर दाबल्यावरही पुढच्या सरकत्या योकला २० मिमी आत जायला जागा उरली पाहिजे.

प्रश्न : अशी गाडी आरटीओत पास होते का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : ओम्नीच्या आरसीवर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल करू देत नाही. नवी गाडी म्हणून न्यायची तर नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची प्रोटोटाइप चाचणी लागते. तिचा खर्च एका गाडीसाठी परवडत नाही. गाडी खासगी जागेतच चालवा.