गुडघा त्याचा, कळ आपल्याला

या वेळी विषय शोधावाच लागला नाही. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत तेच आहे, आवडता खेळाडू पळता पळता पडला, गुडघा धरून बसला, स्ट्रेचर आलं, मग स्कॅन, मग सर्जरीची बातमी. नावं वेगळी, टीम वेगळ्या, पण पोटात पडलेला गोळा सगळ्यांचा सारखाच. मी स्वतः कॉलेजात खेळताना गुडघ्याचं एसीएल लिगामेंट, म्हणजे आतून हाडांना बांधून ठेवणारी दोरी, फाडून घेतलंय, त्यामुळे ही पत्रं वाचताना हात आपोआप गुडघ्याकडे जातो.

प्रश्न: ताई, आमच्या मिडफिल्डरला कोणी हातसुद्धा लावला नाही, तो नुसता वळला आणि कोसळला. एसीएल गेलं म्हणतात. मी रात्रभर झोपलो नाही, रडलो पण. घरचे म्हणतात तुझा कोण लागतो तो? मला वेड लागलंय का? आणि कोणी न धडकता लिगामेंट तुटतंच कसं?

वेड वगैरे काही नाही हो. ज्या माणसाला तुम्ही दर आठवड्याला दोन दोन तास बघता, त्याची पास द्यायची लकब तुम्हाला पाठ असते, तो चिडला की कॉलर कशी ओढतो ते माहीत असतं, मग तो पडल्यावर जीव खाली-वर होणारच. घरच्यांना सांगा की लागतो कोणीतरी.

आता दुसरं. एसीएल बहुतेक वेळा असंच जातं, धक्का न लागता. पाय जमिनीत घट्ट रोवलेला असतो, बुटाचे स्टड गवतात अडकलेले, आणि वरचं शरीर मात्र वेगाने दुसरीकडे वळतं. गुडघा आत कलतो, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर पिळले जातात आणि त्या दोघांना आतून तिरकं बांधून ठेवणारी ती छोटी दोरी, बोटाएवढी पण नाही, ती तुटते. कित्येकांना तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो. मला आला होता, आणि गंमत नाही सांगत, पहिली दोन मिनिटं फार दुखलंच नाही, नुसता गुडघा आपला राहिला नाही असं वाटलं. म्हणून खेळाडू कधीकधी उठून चालतो आणि आपण इकडे हुश्श करतो, आणि संध्याकाळपर्यंत गुडघा फुटबॉलएवढा होतो.

प्रश्न: दुखापत होऊन दोन आठवडे झाले, अजून ऑपरेशन नाही! क्लब झोपलाय का? की काहीतरी लपवतायत?

झोपलेला नाही, उलट नीट करतायत. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने सर्जरी केली तर नंतर तो पूर्ण सरळ होत नाही, अशी भीती असते. म्हणून आधी सूज उतरवतात, पाय सरळ करून घेतात, मांडीला थोडी ताकद आणतात आणि मग टेबलावर घेतात. ब्राझीलच्या नेमारचंच बघा, १७ ऑक्टोबर २०२३ ला उरुग्वेविरुद्ध मॉन्टेव्हिडिओत गुडघा गेला आणि सर्जरी झाली २ नोव्हेंबरला, म्हणजे सोळा दिवसांनी, आणि ती केली ब्राझील टीमच्याच डॉक्टरांनी. लिव्हरपूलचा डिफेंडर व्हॅन डाइक, त्याची पण साधारण दोन आठवड्यांनीच झाली होती. तेव्हा हे दिवस वाया गेले असं समजू नका.

प्रश्न: क्लब म्हणतो नऊ महिने. पण मँचेस्टर युनायटेडचा झ्लाटान तर सातच्या आत आला होता आणि तेव्हा तो छत्तिशीला टेकलेला! आमचा पोरगा बावीस वर्षांचा आहे, मग एवढा वेळ कशाला? आम्ही सगळे फॅन्स काउंटडाउन लावून बसलोय.

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुटलेलं एसीएल नुसतं शिवून सहसा भागत नाही, नवीन करावं लागतं. खेळाडूच्याच मांडीमागच्या नाहीतर गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा तुकडा काढतात, हाडांत बोगदे पाडतात आणि तो तुकडा त्यातून ओवून घट्ट बसवतात. त्याला ग्राफ्ट म्हणतात. आता हा तुकडा बसवल्या दिवशी तसा मजबूत असतो, पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. मग शरीर त्याला आतून हळूहळू बदलायला घेतं, जुन्या पेशी मरतात, नवीन रक्तवाहिन्या शिरतात, टेंडनचं लिगामेंट व्हायला लागतं, आणि या सगळ्या उलथापालथीत साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान तो ग्राफ्ट सगळ्यात कच्चा असतो.

आणि नेमकं त्याच सुमारास खेळाडूला बरं वाटायला लागतं! सूज गेलेली, कुबड्या सुटलेल्या, सायकल मारतोय, तोच व्हिडिओ क्लब टाकतो आणि आपण खाली लिहितो, ‘राजा, पुढच्या महिन्यात ये’. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं इथे होत नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, त्या गुडघ्याला आत्ता बाशिंग नको, वेळ हवाय.

नऊ हा आकडा पण कोणी हवेतून काढलेला नाही. २०१६ साली नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला, त्यात असं दिसलं की सर्जरीनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होत गेली. दर महिन्यामागे निम्मी! म्हणजे सातव्या महिन्यात आणि नवव्या महिन्यात केवढा फरक पडला बघा. आणि हा पोरगा बावीसचा आहे हे घाईचं कारण कसं काय होतं? तरुण खेळाडूंमध्येच ग्राफ्ट पुन्हा तुटायचं प्रमाण जास्त असतं. त्याच्यापुढे दहा-बारा वर्षं आहेत, दोन महिन्यांसाठी ती पणाला लावायची का?

झ्लाटानचं म्हणाल तर हो, २० एप्रिल २०१७ ला पडला आणि १८ नोव्हेंबरला मैदानात होता. पण पुढे त्या सीझनमध्ये युनायटेडसाठी तो मोजक्याच मॅच खेळला आणि मार्चमध्ये क्लब सोडून अमेरिकेला गेला. आपल्याला परत आलेला दिवस लक्षात राहतो, पुढचं नाही.

आणि ज्यांनी रोनाल्डो बघितलाय, ब्राझीलचा, त्यांना हे सांगायची गरज नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये इटलीच्या इंटर क्लबकडून खेळताना गुडघ्याच्या टेंडनला मार बसला, सर्जरी झाली, आणि १२ एप्रिल २००० ला लाझिओविरुद्ध इटालियन कपच्या फायनलमध्ये तो बदली म्हणून उतरला. काही मिनिटंच झाली होती. बॉल घेऊन पुढे निघाला, समोर डिफेंडर, त्याची ती नेहमीची पावलांची फसवणूक सुरू केली आणि गुडघा खाली बसला, कोणी हात न लावता. टेंडन पूर्ण तुटलं. जवळ उभे असलेले विरोधी खेळाडूसुद्धा डोकं धरून उभे राहिले. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ तो बाहेर होता, आणि कित्येकांनी संपला असं लिहून टाकलं होतं. मग २००२ चा वर्ल्डकप, आठ गोल, फायनलमध्ये जर्मनीविरुद्ध दोन. आजही ते दोन गोल बघताना मला आधी तो एप्रिल आठवतो.

म्हणून काउंटडाउन लावायचाच असेल तर तारखेचा लावू नका. बाहेर आपल्याला दिसत नाही पण आत चाचण्या चालू असतात, एका पायावर उडी मारून किती लांब जातो, मशीनवर मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के तरी भरते का. ते भरलं की तो येईल. नाही भरलं तर नवव्या महिन्यात पण येणार नाही, आणि तेव्हा त्याला आळशी म्हणू नका प्लीज.

प्रश्न: ज्याने आमच्या डिफेंडरला टॅकल केला त्याच्या अकाउंटवर मी त्या रात्री फार घाण लिहिलं. त्याच्या बायकोच्या फोटोखाली पण. आता डिलीट केलंय पण मनाला खातंय.

खातंय ते बरंच आहे, आणि तुम्ही कबूल केलंत म्हणून मी तुमच्यावर ओरडणार नाही. पण स्पष्ट सांगते, टॅकलवर चिडणं वेगळं आणि त्याच्या बायकोपर्यंत जाणं वेगळं. ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनचा गोलकीपर पिकफर्डने व्हॅन डाइकला पाडलं, व्हॅन डाइक ऑफसाइड ठरला आणि पिकफर्डला कार्डसुद्धा दाखवलं नाही, आणि लिव्हरपूलचे फॅन्स पेटले ते मी समजू शकते, टॅकल वाईटच होता. पण पुढे त्या माणसाला जिवे मारायच्या धमक्या आल्या. त्याने व्हॅन डाइकचं लिगामेंट एक दिवस तरी लवकर भरलं का?

दुसरी बाजू पण बघा. नोव्हेंबर २०१९ मध्ये टॉटनहॅमच्या सॉनच्या टॅकलनंतर एव्हर्टनच्या आंद्रे गोमेसचा घोटा मोडला. सॉन मैदानातच हमसून रडत होता, दोन्ही हातांनी तोंड झाकून, एव्हर्टनचे खेळाडू म्हणजे समोरच्या टीमचे त्याला समजावत होते. रेड कार्ड नंतर रद्द झालं. तीन दिवसांनी त्याने बेलग्रेडमध्ये गोल केला तर नाचला नाही, कॅमेऱ्यासमोर हात जोडून माफी मागितली. गोमेस चार महिन्यांच्या आत परत खेळायला लागला.

तुम्ही एक करा, त्याच खेळाडूला दोन ओळी लिहा, चुकलं म्हणून. तो वाचेल न वाचेल.

प्रश्न: देशाच्या मॅचमध्ये दुखापत आणि पगार मात्र क्लबने भरायचा, हा कुठला न्याय?

पूर्ण क्लबवर पडत नाही. फिफाची यासाठी एक योजना आहे २०१२ पासून. देशाकडून खेळताना दुखापत होऊन खेळाडू सलग २८ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर पुढचा ठरलेला पगार फिफा क्लबला देते, दिवसाला जास्तीत जास्त २०,५४८ युरो, वर्षभरापर्यंत, म्हणजे साधारण ७५ लाख युरो. मोठ्या स्टारचा पगार यात बसत नाही हे खरं. पण क्लबचं खरं दुखणं पैसा नाहीच, तो खेळाडू आणायचा कुठून?

प्रश्न: मुलींच्या फुटबॉलमध्ये हे फारच होतंय असं वाटतं. खरं की भास?

खरं. वेगवेगळ्या अभ्यासांत मुलींना एसीएलचा धोका मुलांच्या दोन ते आठ पट सांगितलाय. २०२३ च्या वर्ल्डकपला इंग्लंडच्या बेथ मीड आणि लिआ विल्यमसन आणि नेदरलँड्सची मिडेमा, तिघी याच दुखापतीने मुकल्या, आणि तिघी तेव्हा एकाच क्लबच्या, आर्सेनलच्या! कारण एक नाही, कमरेची ठेवण आहे, हार्मोन आहेत, पण माझा जास्त राग दुसऱ्या कारणांवर आहे, लहानपणापासून ताकदीचा व्यायाम न शिकवणं, खराब मैदानं, आणि पुरुषांच्या पायावर बेतलेले बूट. ही बदलता येण्यासारखी आहेत, बदलली जात नाहीत.

प्रश्न: आमचा खेळाडू परत आला खरा पण आता तो पहिल्यासारखा नाही. चेंडूपाशी अर्धा सेकंद उशिरा पोचतो. सगळे म्हणतायत विकून टाका, काचेचा आहे. तुम्हाला काय वाटतं?

मला वाटतं की त्याला अजून एक सीझन द्या, आणि ‘काचेचा’ हा शब्द तेवढा सोडा.

सर्जरीनंतर तिसऱ्या दिवशी फिजिओने मला सांगितलं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव आणि मांडी आवळ, वाटी वर सरकली पाहिजे. मी मांडीकडे बघत होते, पूर्ण जोर लावत होते, आणि काहीच हललं नाही. पाय माझा, मांडी माझी, आणि ती ऐकत नाही. गुडघ्याला मार बसला की शरीर स्वतःच त्या स्नायूला बंद करून ठेवतं, आणि ते उघडायला दिवस लागतात, आणि मांडी तोवर मनगटासारखी वाळत जाते. पाचव्या दिवशी वाटी जेमतेम दोन सुतं सरकली तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले. मग कित्येक महिन्यांनी मैदानात पाय ठेवला तर गुडघा तयार होता पण डोकं नाही, तो एक वळसा आला की मेंदू ब्रेक मारायचा. तुमच्या खेळाडूचा तो अर्धा सेकंद तिथे आहे. तो सरावाने जातो, शिव्यांनी नाही.

स्पेनची आलेक्सिया पुतेयास बघा. जुलै २०२२ मध्ये, युरो कप सुरू व्हायच्या तोंडावर एसीएल गेलं. एप्रिल २०२३ ला परतली, वर्ल्डकप जिंकला पण ती तिथे पूर्वीची ती नव्हती, बाकावर बसायची, लोक बोललेच. डिसेंबरमध्ये त्याच गुडघ्याची परत एक छोटी सर्जरी. आणि मे २०२४ मध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल, बदली म्हणून आली आणि इंजुरी टाइममध्ये गोल, जर्सी काढून धावत सुटली. दुखापतीपासून ते तिथपर्यंत जवळजवळ दोन वर्षं लागली. स्पेनच्याच मिडफिल्डर काझोर्लाला तर घोट्याच्या इन्फेक्शननंतर डॉक्टर म्हणाले होते मुलाबरोबर बागेत चाललास तरी खूप झालं. हाताची कातडी काढून घोट्यावर लावली, त्यावर मुलीच्या नावाचा टॅटू होता, अर्धा आता घोट्यावर आहे. २०१८ ला तो व्हियारेआल क्लबकडून परत खेळला आणि नंतर स्पेनच्या टीममध्ये पण आला.

प्रश्न: मी चौदा वर्षांचा आहे. माझ्या आवडत्या खेळाडूची उद्या सर्जरी आहे. त्याला मेसेज करू का? काय लिहू?

कर ना. ‘लवकर बरा हो’ यातला ‘लवकर’ काढून टाक फक्त. त्याचा तुला आवडलेला एखादा पास किंवा गोल, कुठल्या मॅचमधला, तो तू कुठे बसून बघितलास, एवढं लिही. आणि आज लिहू नकोस, आज त्याला हजारो मेसेज येतील. चौथ्या महिन्यात लिही, तेव्हा कोणी लिहीत नाही.