चांगदेव नेमके किती?

सोलापूर

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चांगदेव नावाच्या माणसांची तुझी यादी वाचली. आपल्याकडे 'सिद्धराम' म्हणून हाक मारली तर निम्मी गल्ली वळून बघते. त्या नावाच्या मागे लागला नाहीस, बरं केलंस. पण विरळ नावाची खोड अशी की ते जिथे दिसेल तिथे माणूसही तोच वाटतो. तुझ्या यादीत दोघांचा एक झालाय.

चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख पुन्हा वाच. त्यातला चांगदेव भास्कराचार्यांचा नातू, लक्ष्मीधराचा मुलगा, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ झाला. ज्ञानेश्वरांना 'चिरंजीव' लिहावं की 'तीर्थरूप' हे न सुचून कोरं पत्र धाडणारा योगी चांगदेव त्याच तेराव्या शतकाच्या दुसऱ्या टोकाचा. त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. योगी चौदाशे वर्षं जगला, मग मधली वर्षं सहज मावतात, असं म्हणशील. मला तर वाटतं, अनेक चांगदेवांची वयं एकावर चढवूनच ते चौदाशे झाले असावेत. पण हा नुसता तर्क. तळटिपेतसुद्धा घालू नकोस.

कुठे जोडावं, तेही सांगतो. 'तत्त्वसार' हा ग्रंथ शके १२३४ चा, म्हणजे १३१२ चा. कर्ता चांगा वटेश्वर. पासष्टीत ज्ञानेश्वरही 'चांगया'ला वटेश्वराचा पुत्र म्हणतात. इथे नावाखेरीज दुसरा धागा हाती लागतो, काळही जवळचा. हे दोघे एक धर, पण का धरलेस ते शेजारी लिही. प्रत्येक नावापुढे साल, गाव, बापाचं नाव आणि 'हे कोण सांगतं' असे रकाने आख. शेवटचा रिकामा राहिला तर ती नोंद पेन्सिलीनेच राहू दे.

हेमचंद्राचार्यांचं दीक्षेआधीचं नाव चांगदेव, हे तू शोधलंस याचा आनंद झाला. ते गुजरातेतल्या धंधुक्याचे. त्यांच्या वेळचा तिथला राजा सिद्धराज जयसिंह. या सिद्धराजाला आता आपल्या ग्रामदैवताशी, सिद्धरामेश्वरांशी, जोडू नकोस म्हणजे झालं!

खैरमोडे मात्र सुटले. बाबासाहेबांचं अनेक खंडांचं चरित्र लिहिणारे चांगदेव भवानराव खैरमोडे. सगळीकडे 'चां. भ.' असंच छापलेलं असतं, म्हणून पूर्ण नाव शोधून ते सापडत नाहीत. आद्याक्षरांनीही शोध. हिराचंद नेमचंद वाचनालयात गेलास तर लेखकांची सूची आडनावाप्रमाणे न बघता 'चां.' डोळ्यांसमोर ठेवून चाळ. रोमन लिपीतल्या जुन्या लेखांत हे नाव नुसत्या 'सी'नेही सुरू होतं.

राहिला नेमाड्यांचा चांगदेव पाटील. 'बिढार'पासून 'झूल'पर्यंत नोकऱ्या आणि गावं बदलत हिंडणारा हा प्राध्यापक कागदावरचा असला तरी यादीत हवाच. फक्त बापाच्या नावाच्या रकान्यात कादंबरीकाराचं नाव लिहू नकोस, ते शेवटच्या रकान्यात.

सुधारलेली यादी गड्ड्याच्या जत्रेआधी पाठव. जत्रा सुरू झाली की घरात पाहुणे असतात, मग माझं वाचन होत नाही.

तुझा,
काका