जर्मनीतल्या रोमनेस्क मार्गावरची जुनी चर्चं चार दिवसांत कशी पाहावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साक्सनी-आनहाल्ट राज्यातल्या ‘श्ट्रासं डेअर रोमानिक’वर, म्हणजे रोमनेस्क मार्गावर, जायचंय. हातात चार दिवस, सोबत आई-वडील, गाडी चालवायची नाही. शिवाय ‘सगळी चर्चं सारखीच दिसतात, दोन पाहिली की कंटाळा येतो’ असं कुणीतरी सांगितलंय, आणि ‘आम्ही हिंदू, आत गेलेलं चालतं का’ ही शंका आहे.

मी लाइपझिगला राहतो, म्हणजे या मार्गाच्या अगदी शेजारी. त्यामुळे गेल्या काही वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी बराचसा पाहून झाला आहे. कंटाळ्याबद्दल ज्यांनी सांगितलं ते खोटं बोलत नाहीत. पहिल्या खेपेला मी मित्राच्या गाडीतून एका दिवसात सात चर्चं ‘केली’. रात्री फोटो बघताना कुठला खांब कुठल्या गावचा हे दोघांनाही सांगता येईना. मार्ग १९९३ मध्ये सुरू झाला. नकाशावर तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो, मधोमध माग्डेबुर्ग, वरच्या आणि खालच्या वेटोळ्यात मिळून ऐंशीहून जास्त वास्तू. हा आकडा डोक्यातून काढून टाका. चार दिवसांत सहा गावं, त्याहून एकही जास्त नको.

आधी शंकेचं बघू. आत जायला कुणी धर्म विचारत नाही. या राज्यात चर्चचे सभासद असलेले लोकच अल्पसंख्य आहेत, त्यामुळे दारात बसलेल्या आजीला तुम्ही आलात याचाच आनंद असतो. पुरुषांनी टोपी काढायची, आवाज खाली ठेवायचा, प्रार्थना चालू असेल तर मागे थांबायचं, बस. चपला काढायच्या नसतात. हे मी आईला सांगायला विसरलो होतो. तिने गेर्नरोडं गावच्या चर्चच्या दाराशी सवयीने चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या आणि आत त्या थंडगार फरशीवर पायाची बोटं आखडून उभी राहिली. तिकीट देणाऱ्या बाई धावत आल्या. मला वाटलं आता ओरडणार, तर त्यांनी चपला उचलून आणल्या होत्या. जुलै महिना होता, बाहेर बत्तीस अंश. म्हणून सांगतो, भर उन्हाळ्यातही प्रत्येकाचा एक स्वेटर हातात असू द्या. मीटरभर जाडीच्या भिंती उन्हाला आत येऊच देत नाहीत.

या भिंतींपासूनच ‘सारखी दिसतात’ या तक्रारीचं उत्तर सुरू होतं. रोमनेस्क म्हणजे ढोबळमानाने दहाव्या ते बाराव्या शतकातलं बांधकाम. कमानी अर्धगोल, भिंती जाड, खिडक्या छोट्या. टोकदार कमान आणि रंगीत काचांच्या उंच खिडक्या दिसल्या की ते नंतरचं, गॉथिक. आतली रचना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात जो उभा राहिलाय त्याला ती ओळखीचीच वाटेल: मधे उंच लांब दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, रांगांपलीकडे अरुंद वाट आणि टोकाला अर्धवर्तुळ. तिथे स्तूप, इथे वेदी. दोघांचं नातं आहे असा दावा मी करत नाही, पण वडिलांना हे एका वाक्यात सांगितल्यावर त्यांनी माझ्याआधी पुढे चालायला सुरुवात केली.

मुक्काम क्वेडलिनबुर्गला करा, तीन रात्री. लाकडी चौकटीच्या घरांचं हे गाव १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, स्टेशनवरून चालत सगळीकडे जाता येतं. फक्त चाकांच्या बॅगा टाळा, दगडी रस्त्यावर त्या अख्खी गल्ली जागी करतात. गाडीची अडचण नाही. ‘साक्सेन-आनहाल्ट तिकीट’ नावाचं दिवसभराचं तिकीट पाचजणांपर्यंत एकत्र चालतं. फक्त प्रादेशिक गाड्यांना, आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर. तुम्हा तिघांना तेच परवडेल.

पहिल्या दिवशी येताना माग्डेबुर्गला उतरा. इथलं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, खरं तर गॉथिक आहे, १२०९ मध्ये सुरू झालेलं. मार्गाच्या नावाशी त्याचं पटत नाही, पण पहिल्या दिवशी तेच बघावं असं माझं मत, कारण या सगळ्या भागाची कथा ज्या माणसाभोवती फिरते तो सम्राट ओटो पहिला तिथे पुरलेला आहे. ९३६ मध्ये राजा, ९६२ मध्ये रोमला सम्राट, ९७३ मध्ये मृत्यू. त्याने इटलीहून आणवलेले प्राचीन संगमरवरी आणि जांभळ्या पॉर्फिरी दगडाचे खांब जुनं चर्च जळाल्यावर नव्या बांधकामात पुन्हा बसवले, ते वेदीमागे दिसतात.

ओटोची पहिली राणी एडिथा इंग्लंडची राजकन्या होती, ९४६ मध्ये वारली. कॅथेड्रलमधली तिची दगडी समाधी रिकामी, नुसती स्मारक म्हणून ठेवलेली असावी असा समज होता. २००८ मध्ये ती उघडली तर आत शिशाची पेटी आणि पेटीत एका स्त्रीची हाडं. दातांच्या तपासणीतून कळलं की या बाईचं लहानपण दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या जमिनीवरचं पाणी पिऊन गेलं. लहानपणी प्यायलेलं पाणी हजार वर्षांनी साक्षीला आलं. २०१० मध्ये तिला पुन्हा तिथेच पुरलं. समाधीपाशी पाच मिनिटं थांबा. मग उत्तरेकडच्या दारातल्या दहा कुमारिका बघा: पाचजणींनी दिव्यात तेल राखलं म्हणून त्या हसतायत, पाचजणी विसरल्या म्हणून रडतायत. बायबलमधली गोष्ट आहे, पण माहीत नसली तरी चालतं. छाती बडवून रडणारी बाई साडेसातशेहून जास्त वर्षं जुनी आहे हे पटत नाही. आत संत मॉरिसचा पुतळाही शोधा. तेराव्या शतकाच्या मध्याला जर्मन शिल्पकाराने चिलखत घातलेला आफ्रिकन चेहऱ्याचा योद्धा घडवला आहे.

दुसरा दिवस क्वेडलिनबुर्ग आणि गेर्नरोडं. क्वेडलिनबुर्गचं संत सेर्वाटियस चर्च टेकडीवर आहे, चढ फार नाही पण दगड गुळगुळीत, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. सोमवारी जाऊ नका, या भागात सोमवार म्हणजे बरीच दारं बंद. ओटोचे आईवडील, राजा हाइनरिश आणि राणी माटिल्डं, यांचं हे दफनस्थान. माटिल्डंने इथे स्त्रियांचा मठ काढला आणि मठप्रमुख बायकांनी या गावावर जवळजवळ साडेआठशे वर्षं सत्ता चालवली, थेट नेपोलियनच्या काळापर्यंत. सध्याची इमारत ११२९ ची. आत गेल्यावर खांब मोजा: एक चौकोनी, दोन गोल, पुन्हा एक चौकोनी, दोन गोल. ताल मनात ठेवा, दुपारी लागेल.

या चर्चची एक कडू बाजूही आहे. हाइनरिशच्या मृत्यूला हजार वर्षं झाली तेव्हा, १९३६ मध्ये, नाझी नेता हिमलरने इथे आपल्या एसएस संघटनेचा सोहळा केला आणि पुढे चर्च धर्मसभेकडून काढूनच घेतलं. युद्ध संपताना चर्चचा खजिना सुरक्षित म्हणून गुहेत ठेवला होता, त्यातल्या मौल्यवान वस्तू एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने चक्क टपालाने टेक्सासला घरी पाठवल्या. १९९३ मध्ये बहुतेक वस्तू परत आल्या, त्या आता आतच बघायला मिळतात.

दुपारी छोट्या गाडीने गेर्नरोडं. नॅरो गेजचा हा रूळ २००६ मध्ये क्वेडलिनबुर्गपर्यंत आणला, नशीब असेल तर वाफेचं इंजिन मिळतं. सगळ्यांतलं एकच चर्च बघायचं म्हणाल तर हेच, संत सिरियाकस.

गेरो नावाच्या सरदाराचे मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत गेले. वंश संपला. त्याने ९५९ च्या सुमारास हे चर्च आणि स्त्रियांचा मठ स्थापन केला आणि आपल्या विधवा सुनेला, हाटुईला, पहिली मठप्रमुख नेमलं. बाहेरून बघितलं तर पश्चिमेला दोन गोल मनोरे, किल्ल्याच्या बुरुजांसारखे. आत ताल बदललेला: एक चौकोनी, एक गोल. वर सज्जे. मधल्या काळात चर्चची पार दुर्दशा झाली होती, धान्याचं कोठार म्हणून वापर व्हायचा. एकोणिसाव्या शतकात डागडुजी झाली, छतावरची नक्षी त्या वेळची, तिला दहाव्या शतकातली समजून फसू नका. मी फसलो होतो.

उजवीकडच्या वाटेत एक दगडी खोली आहे, खोलीत खोली म्हणावी अशी. जेरुसलेममधल्या येशूच्या थडग्याची ही प्रतिकृती. ज्यांना तिथवरची यात्रा जन्मात शक्य नव्हती त्यांच्यासाठी बांधलेली. तिची पश्चिमेची भिंत जवळून बघा. चौकटभर वेली, वेलींच्या वळणांत पक्षी आणि प्राणी, आणि मधोमध एकटी उभी स्त्री, बहुधा येशूची अनुयायी मग्दालाची मरिया. चुनेगच्चीचं काम आहे, चेहरा झिजलाय, पण तिचे हात आणि पदराच्या चुण्या शाबूत आहेत. आई तिथे बराच वेळ होती. ‘हिला वाट बघायची सवय दिसते,’ एवढंच म्हणाली.

तिसरा दिवस हाल्बरश्टाट, क्वेडलिनबुर्गहून गाडीने अगदी जवळ. ८ एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हे शहर जवळजवळ संपलं होतं, त्यामुळे स्टेशनबाहेर पडल्यावर निराश होऊ नका. कॅथेड्रलच्या खजिन्यात बाराव्या शतकातले भिंतीवरचे विणलेले पट आहेत, त्यासाठी मंद उजेडाची अंधारी दालनं केली आहेत. आईला साड्यांची, विणकामाची आवड असेल तर इथेच दोन तास जातील. समोर चार मनोऱ्यांचं लीबफ्राउएन चर्च, ते मात्र खरं रोमनेस्क.

मग थोडं चालून बुरखार्डी चर्चला जा. हे कधीकाळी मठ, नंतर कोठार, दारूची भट्टी, डुकरांचा गोठा. आता उघड्या भिंतींच्या रिकाम्या दालनात एक छोटा ऑर्गन जॉन केज या संगीतकाराची ‘शक्य तितक्या सावकाश’ वाजवायची रचना वाजवतोय. ५ सप्टेंबर २००१ ला सुरुवात, समाप्ती २६४० मध्ये. पट्ट्या दाबून धरायला वाळूच्या पिशव्या टांगल्यात. सूर वर्षानुवर्षं तोच असतो, बदलायचा दिवस आला की लोक लांबून येतात. आमचे बाबा आत शिरले, कान दिला, म्हणाले, ‘तंबोरा लावून गवई जेवायला गेलाय.’ याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

चौथ्या दिवशी सामान घेऊन दक्षिणेकडे निघा: मेर्सेबुर्ग आणि तिथून नाउमबुर्ग. आधी स्टेशनवरच्या लॉकरची सोय बघून ठेवा. मेर्सेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये राजा रुडॉल्फची ब्राँझची समाधीपट्टी आहे. हा १०८० मध्ये प्रतिस्पर्धी राजाविरुद्धच्या लढाईत मेला, उजवा हात तुटून. ज्या हाताने त्याने त्याच राजाशी निष्ठेची शपथ घेतली होती तोच हात, असं त्याच्या शत्रूंनी नंतर सगळीकडे सांगितलं. हात वाळलेल्या स्थितीत तिथे जपून ठेवलाय. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा, मोठ्यांनाही जेवणाआधी नको.

नाउमबुर्गला वेळ कमी उरेल, तरी कॅथेड्रलचा पश्चिमेकडचा भाग चुकवू नका. तिथे चर्चला देणग्या देणाऱ्यांचे बारा पूर्णाकृती पुतळे आहेत. घडवणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यांचे पुतळे ती माणसं तेव्हा दोनेकशे वर्षांपूर्वीच वारली होती. म्हणजे चेहरे सगळे कल्पनेतले. उटा नावाची बाई झग्याची कॉलर वर ओढून गालाशी धरून उभी आहे, शेजारी नवरा. तिला थंडी वाजतेय, की नवऱ्याकडे बघायचं नाहीये, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

जाता जाता कामाचं: रविवारी सकाळी प्रार्थना असते, फिरायला दुपार ठेवा. हिवाळ्यात लहान गावांतली चर्चं फार थोडा वेळ उघडी असतात, म्हणून मे ते सप्टेंबर बरा. काही ठिकाणी फोटोला बंदी किंवा वेगळं शुल्क असतं, दारात विचारा. स्वच्छतागृह बहुतेक चर्चमध्ये नसतं, वडीलधाऱ्यांना स्टेशनवरच आटपून घ्यायला सांगा. आणि गेर्नरोडंहून परतीची शेवटची छोटी गाडी बघूनच आत शिरा. आम्ही त्या मरियेपाशी रमलो, गाडी गेली, आणि अख्खी संध्याकाळ टॅक्सी शोधण्यात घालवली.