वाचकांचे प्रश्न : समुद्रतळावरची अभियांत्रिकी

प्रश्न : मी उरणचा रहिवासी असून यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. सबसी इंजिनिअरिंग हा विषय नेमका काय आहे? पदवी मिळताच कर्ज काढून परदेशात त्याची एम.एस्सी. करावी का? वडिलांच्या मते तेलाचे दिवस संपत आले आहेत, त्यामुळे मन द्विधा झाले आहे.

उत्तर : आपण उरणला राहता, म्हणून आपल्या गावापासूनच सुरुवात करतो. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि तिथले तेल व वायू समुद्रतळावर टाकलेल्या वाहिन्यांतून उरणच्या प्रकल्पात येऊ लागले. तिथे पाण्याची खोली साधारण ७५ मीटर असल्यामुळे तळात पोलादी पाय रोवून प्लॅटफॉर्म उभे करता आले आणि बहुतेक विहिरींची तोंडे पाण्याच्या वर, माणसाच्या हाताशी राहिली. पूर्व किनाऱ्यावर काकीनाडाजवळच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील आर-क्लस्टर क्षेत्रात, जिथे डिसेंबर २०२० मध्ये वायूचे उत्पादन सुरू झाले, पाणी दोन हजार मीटरपर्यंत खोल आहे. तिथे पायांवर उभा राहणारा प्लॅटफॉर्म शक्यच नव्हता. अशा ठिकाणी विहिरीचे तोंड, या व्यवसायात ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात तो झडपांचा संच आणि अनेक विहिरींचा प्रवाह एकत्र करणारा मॅनिफोल्ड हे सर्व तळावर बसवावे लागते आणि अंबिलिकल नावाच्या जाड जोडवाहिनीतून वीज, संदेश व दाबाखालचे द्रव पाठवून दुरून चालवावे लागते. ही यंत्रणा आखणे, बसवणे आणि वीस-पंचवीस वर्षे सुस्थितीत ठेवणे हे सबसी अभियंत्याचे काम आहे.

पाण्यात दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका, वाढतो, म्हणजे दोन हजार मीटरवर सुमारे दोनशे वातावरणांचा दाब असतो. हे आकडे विद्यार्थ्यांना भारून टाकतात; पण रोजच्या कामात थंडीही तितकीच छळते. तळाशी पाण्याचे तापमान चार अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि विहिरीतून गरम निघालेला वायू वाटेत थंड झाला की मिथेन व पाणी मिळून हायड्रेट नावाचा बर्फासारखा घन पदार्थ तयार होतो व वाहिनी बुजते. ते टाळण्यासाठी वाहिनीत ग्लायकॉल किंवा मिथेनॉल सोडतात अथवा तिला उष्णतारोधक वेष्टन देतात. किती सोडायचे, कुठे सोडायचे, उत्पादन अचानक थांबले तर वाहिनी किती तासांत धोकादायक तापमानाला येईल, हे सगळे ऊष्मागतिकी आणि द्रवगतिकीचे हिशेब आहेत. आपण सध्या हेच विषय शिकत असाल, तेव्हा परीक्षेनंतर ती पुस्तके विकू नका.

दुसरा विषय सुरक्षिततेचा. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायमध्ये एक मदतनीस जहाज प्लॅटफॉर्मवर आदळले, तळावरून वर येणारी वायूची उभी वाहिनी, म्हणजे रायझर, फुटली, आग लागली आणि २२ जणांचा जीव गेला. रायझर प्लॅटफॉर्मच्या कोणत्या बाजूला असावा, त्याला संरक्षण कसे द्यावे, वायू बंद करणारी झडप कुठे बसवावी, हे कागदावरचे निर्णय किती जिवांचे असतात, ते त्या दिवशी दिसले. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने त्या दुर्घटनेचा अभ्यास करावा, असे मला मनापासून वाटते.

आता शिक्षणाविषयी. पदवी मिळताच या विषयाची एम.एस्सी. करण्याचा सल्ला मी देणार नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाचा सबसी अभ्यासक्रम चांगला आहे, कारण ते शहरच उत्तर समुद्रातील तेल उद्योगाचे केंद्र आहे. परंतु या उद्योगातील भरती तेलाच्या भावावर हेलकावे खाते. २०१४ च्या मध्यात ब्रेंट तेल, म्हणजे जागतिक भावाचा मापदंड मानले जाणारे कच्चे तेल, पिंपाला ११० डॉलरच्या वर होते. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० डॉलरच्याही खाली गेले आणि जगभर अनुभवी अभियंत्यांच्या नोकऱ्या गेल्या. कर्जाचे हप्ते मात्र भाव पाहून थांबत नाहीत. त्यापेक्षा गेट परीक्षा देऊन आयआयटी मद्रास किंवा आयआयटी खरगपूरच्या सागरी अभियांत्रिकी विभागात एम.टेक.साठी प्रयत्न करा, किंवा दोन-तीन वर्षे वाहिन्या, गंजरोधन अथवा वेल्डिंग तपासणीच्या कामात नोकरी करून मग परदेशाचा विचार करा. अनुभव घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला काय शिकायचे ते माहीत असते.

वडिलांच्या शंकेत तथ्य आहे, पण ती अर्धी खरी आहे. समुद्रतळावर केवळ तेलाच्या वाहिन्या नसतात. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय दूरसंचार केबल उतरतात. स्कॉटलंडच्या समुद्रात २०१७ पासून तरंगत्या पवनचक्क्या वीज देत आहेत आणि त्यांचे नांगर व केबल तळाशीच असतात. चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारे मत्स्य ६००० हे यान घडवत आहे. दाब, गंज, धातूचा थकवा आणि लाटांचा भार यांचे गणित या सर्व ठिकाणी चालते. म्हणून आपली ओळख तेलाशी न बांधता त्या गणिताशी बांधा.

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेत आहे. पदवी न घेता तिला या क्षेत्रात काम मिळेल का?

उत्तर : मिळू शकते. पाणबुड्याऐवजी तळावर काम करणाऱ्या, जहाजावरून केबलने चालवल्या जाणाऱ्या यंत्राला आरओव्ही म्हणतात, आणि ते चालवणारे अनेक जण पदविकाधारकच असतात. कामाचा मोठा भाग चालवण्यापेक्षा दुरुस्तीचा असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्ससोबत तिने हायड्रॉलिक्सही शिकावे. समुद्रावर जाण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आणि पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. जहाजावर सहसा बारा तासांची पाळी असते आणि घरापासून आठवडेच्या आठवडे दूर राहावे लागते, हे तिला आजच स्पष्ट सांगा आणि निर्णय तिलाच घेऊ द्या.