किंमत ठरवणाऱ्या मॉडेलवर काम करणाऱ्या एमएल (मशीन लर्निंग) इंजिनिअरचं रोजचं काम काय असतं?

तुम्ही ठाण्याचे, स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलेले, आणि अशा नोकरीआधी कोणतं अल्गोरिदम शिकावं असं विचारताय. एक्सजीबूस्ट (अनेक छोटे निर्णयवृक्ष जोडून अंदाज बांधणारं अल्गोरिदम) नीट वापरता येत असेल तर ते पुरे. मी ऐरोलीत, भाजी-किराणा घरपोच देणाऱ्या कंपनीत हे काम करतो. माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो जुने भाव तसे का होते, हे शोधण्यात.

पहिल्याच वर्षी माझं मॉडेल सांगू लागलं की नारळ महाग केला की जास्त खपतो! लवचिकता उणे यायला हवी (उणे दीड म्हणजे भाव १ टक्का वाढला तर खप साधारण दीड टक्का घटतो), ती अधिक आली. दोन दिवस कोड तपासला. चूक कोडमध्ये नव्हतीच. ते गणपतीचे दिवस होते. वाशीच्या एपीएमसीतच, म्हणजे घाऊक बाजारातच, भाव चढलेला आणि मोदकांसाठी घरोघरी नारळ हवा. भाव आणि खप दोन्ही सणाने वाढवले होते, आणि मॉडेलला सण ठाऊकच नव्हता. महिना दिला होता, पण चतुर्थी २०२३ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ला ७ सप्टेंबरला आणि २०२५ला २७ ऑगस्टला. तेव्हापासून तिथीचं कॅलेंडर मी स्वतः भरतो.

दुसरं म्हणजे खप आणि मागणी एक नव्हे. कोथिंबीर सकाळी दहालाच संपली तर नोंद ४० जुड्यांचीच दिसते. शंभर गिऱ्हाइकं परत गेली असली तरी ती कुठेच नोंदली जात नाहीत. माल संपलेले तास आधी वेगळे काढा.

पाकीटबंद मालाला एमआरपीच्या वर जाता येत नाही. ही अट मॉडेलवर न सोडता कोडमध्येच पक्की करा.

लवचिकतेचा खात्रीचा आकडा हवा असेल तर प्रयोगच करावा लागतो. चिठ्ठ्या टाकून शहरातले भाग निवडायचे, काहींमध्ये भाव दोन रुपयांनी बदलायचा, दोन आठवडे थांबायचं आणि खपातला फरक पाहायचा. माणसागणिक भाव बदलायला मात्र माझा ठाम विरोध आहे. घणसोलीतल्या एकाच सोसायटीत शेजारणीला टोमॅटो स्वस्त आणि आपल्याला महाग, हे मला पटत नाही, आणि टीममध्ये मी ते धरून बसलो.

मुलाखतीत त्यांना एक नक्की विचारा: भाव कधी, कोणी आणि कशासाठी बदलला याची नोंद तुमच्याकडे आहे का? नसेल, तर पहिले सहा महिने ती उभी करण्यातच जातील, हे धरून होकार द्या.